८८ दिवसांची सही

ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी एक नवा दरवाजा किलकिला केला. ‘वर्क अँड हॉलिडे’ असे त्या व्हिसाचे नाव आणि ४६२ हा त्याचा क्रमांक. वय १८ ते ३०. वर्षभर त्या देशात फिरायचे आणि फिरता फिरता मिळेल ते काम करून खर्च भागवायचा, अशी ती योजना. जागा मात्र वर्षाला फक्त एक हजार. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या सोडतीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा दोनच आठवड्यांत सुमारे ४० हजार भारतीयांनी नावे दिल्याचे तिकडच्या मंत्र्यांनी सांगितले. आपल्याकडे ही बातमी ‘फिरा आणि कमवा’ अशा थाटात फिरली. फिरायचे कुठे, हे सगळ्यांनी सांगितले. कमवायचे कसे आणि कोणाच्या हाताखाली, हे कोणी सांगितले नाही.

‘जयभीम सर, हे खरं आहे का? लॉटरी लागली तर जावं का?’ असे आमची वसतिगृहातली मुले-मुली विचारतात. त्यांना आमचे उत्तर आहे, जरूर जावे. आपल्या समाजाने जग पाहिलेच पाहिजे. परंतु ज्या कामाच्या भरवशावर हे वर्षभराचे फिरणे उभे आहे, त्या कामातली मेख आधी समजून घ्यावी. ही मेख आपल्या लोकांना इतरांपेक्षा लवकर समजेल. कारण काम, मजुरी आणि मालकाची मर्जी या तिन्हींचे नाते आपल्या आजा-पणजांनी पाठीवर वाहिले आहे.

पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या या पोरांना तिकडे बॅकपॅकर म्हणतात. त्या देशाची फळशेती मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हातांवर चालते. डिसेंबर-जानेवारीत तास्मानियात चेरी, जानेवारी ते मार्च शेपर्टनला पेर, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिल्ड्युराला द्राक्षे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा, त्या दिवसांत उत्तरेला क्वीन्सलँडमध्ये बंडाबर्ग आणि बोवेन भागात टोमॅटो, मिरची आणि इतर भाजीपाला. टुलीला केळी तर बाराही महिने. आपल्याकडे कारखान्यांच्या हंगामामागे ऊसतोडीच्या टोळ्या जातात, तशी ही पोरे पिकामागे फिरतात. शहरात असली तर हॉटेलात भांडी घासतात, खोल्या साफ करतात, बांधकामावर जातात. बांधकामासाठी ‘व्हाइट कार्ड’ नावाचा सुरक्षेचा दाखला काढावा लागतो, दारूच्या बारमध्ये उभे राहायचे तर त्याचे वेगळे प्रमाणपत्र. कर खात्याचा क्रमांक सगळ्यांनाच काढावा लागतो, आणि तो फुकट मिळतो. हंगाम कुठे चालू आहे हे सांगणारी ‘हार्वेस्ट ट्रेल’ ही सेवा सरकारनेच चालवली आहे, तीही फुकट. म्हणजे काम शोधून देण्याचे कोणी पैसे मागितले, तर पहिली शंका तिथेच घ्यावी.

या कामांना तिकडे ‘कॅज्युअल’ म्हणतात. आपण त्याला रोजंदारी म्हणू. आज काम आहे, उद्या नाही. हक्काची रजा नाही, आजारपणाचा पगार नाही. इथपर्यंत आपल्या नाक्यावरच्या मजुरात आणि त्या पोरांत फरक नाही. फरक पुढे आहे. तिथला कायदा म्हणतो की, ज्याला रजा नाही आणि उद्याची शाश्वती नाही, त्याला कायम कामगारापेक्षा २५ टक्के जास्त मजुरी द्या. १ जुलै २०२५ पासून तिथे किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर झाले. त्यावर हे २५ टक्के चढवले की रोजंदारीवाल्याचा किमान दर ३१ डॉलरच्या वर जातो.

वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. रोजंदारीवाल्याला कायम कामगारापेक्षा जास्त! आपल्याकडे गणित नेमके उलटे आहे. त्याच रस्त्यावर कायम सफाई कामगार झाडू मारतो आणि त्याच रस्त्यावर कंत्राटी. घाण तीच, पहाटेची वेळ तीच, मात्र कंत्राटी कामगाराच्या हातात पडणारी रक्कम कितीतरी कमी. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये सांगितले. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये कुठे न्याय मिळाला. हे कामगार कोणत्या समाजाचे, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. असुरक्षिततेची किंमत मालकाने मोजायची, हा तिकडचा नियम. आपल्याकडे ती किंमत मजुराच्याच ताटातून काढून घेतली जाते.

मग ऑस्ट्रेलिया हा मजुरांचा स्वर्ग समजायचा काय? इथेच खरी मेख आहे.

या फिरत्या तरुणांचा व्हिसा एका वर्षाचा. दुसरे वर्ष हवे असेल तर शहराबाहेरच्या, सरकारने ठरवून दिलेल्या भागात, ठरवून दिलेले काम तीन महिने करावे लागते. दिवसांच्या हिशेबात ८८. नोव्हेंबर २००५ मध्ये हा नियम आला. जुलै २०१९ पासून तिसऱ्या वर्षाचीही सोय झाली, त्यासाठी आणखी सहा महिने असेच काम. हेतू उघड होता. शेतावर मजूर मिळत नव्हते, स्थानिक लोक त्या कामाला आणि त्या मजुरीला तयार नव्हते. मजुरी वाढवण्यापेक्षा व्हिसाचे आमिष स्वस्त पडले. पण ८८ दिवस काम केले, याचा पुरावा कोणाकडून आणायचा? मालकाकडून. त्याची सही मिळाली तर दुसरे वर्ष, नाही तर विमानाचे तिकीट काढा.

एवढ्या एका सहीने काय झाले ते पाहा. फिरायला आलेल्या पोराचे सगळे बळ एकाच गोष्टीत होते. पटले नाही तर पिशवी उचलायची आणि चालू पडायचे. त्याला ना जमीन ना घर, ना कुटुंबाचा भार. दुसऱ्या गावात दुसरे काम. असा मजूर दाबणे मालकाला कठीण जाते. परंतु साठ दिवस भरले आहेत, अठ्ठावीस राहिले आहेत आणि मालक म्हणतो आहे की या आठवड्यात निम्मेच पैसे मिळतील, तेव्हा ते पोर काय करते? मान खाली घालून टोमॅटो तोडते.

हा आमचा तर्क नाही. कामगारांच्या तक्रारी पाहणाऱ्या ‘फेअर वर्क ओम्बुड्समन’ या तिथल्या सरकारी यंत्रणेनेच २०१६ मध्ये चौकशीचा अहवाल काढला. चार हजारांहून अधिक व्हिसाधारकांना विचारले होते. एक तृतीयांशाहून जास्त लोकांनी किमान वेतनही मिळाले नसल्याचे सांगितले. १४ टक्क्यांना ग्रामीण भागातले काम मिळवण्यासाठी आगाऊ पैसे मोजावे लागले होते. ६ टक्क्यांना त्या सहीसाठीच मालकाला पैसे द्यावे लागले होते. म्हणजे राबायचेही आणि राबल्याच्या दाखल्याचे पैसेही द्यायचे! पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, तिथल्या दोन विद्यापीठांतील अभ्यासकांनी ४,३२२ तात्पुरत्या स्थलांतरितांची पाहणी प्रसिद्ध केली. बॅकपॅकरांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांना तासाला १२ डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळत होते. तेव्हा रोजंदारीचा कायदेशीर किमान दर २२ डॉलरच्या आसपास होता.

आशियाड कामगारांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये निकाल दिला होता की, किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या २३ व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारीच होय. साखळदंडच लागतो असे नाही, पोटाची गरज हाही साखळदंडच, असा त्या निकालाचा आशय आहे. या कसोटीवर जगातल्या एका श्रीमंत देशाच्या बागांत, लंडन-सोलहून आलेल्या शिकल्या-सवरल्या पोरांना वेठीला धरले गेले, असेच म्हणावे लागते.

हे घडत कसे होते? त्याचे तंत्र आपल्या लोकांना नवे वाटणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे नगावरची मजुरी. तास मोजायचेच नाहीत. बादली मोजायची, डबा मोजायचा, संत्र्या-सफरचंदांची मोठी पेटी मोजायची. हात बसलेल्या माणसाला त्यात चांगले पैसे सुटतात, हेही खरे. पण पहिल्याच आठवड्यात बागेत उतरलेल्या पोराला, किंवा झाडावर फळच कमी असताना, दिवसभर राबूनही खोलीभाड्याइतके सुटत नाहीत. न्यू साउथ वेल्समधील कॉफ्स हार्बर भागात ब्ल्यूबेरी तोडणाऱ्यांना तासाला अवघे ३ डॉलर पडत असल्याची उदाहरणे मॅकेल इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये उजेडात आणली. दुसरी गोष्ट म्हणजे कामाला जोडलेला बिछाना. शेतांच्या गावी ‘वर्किंग हॉस्टेल’ असतात. हॉस्टेलवाला काम मिळवून देतो, सकाळी गाडीने शेतावर सोडतो, संध्याकाळी आणतो. खोलीचे भाडे त्याला द्यायचे, गाडीचेही त्यालाच. पाऊस लागला, काम बंद पडले, तरी भाडे चालूच. बिछाना सोडला तर काम गेले आणि भाडे थकले तर पाय अडकला. आमच्या बीड-उस्मानाबादकडचा माणूस हे ऐकून म्हणेल, ही तर उचलच झाली की!

आणि तिसरा तो मुकादम. शेतमालक स्वतः मजूर ठेवतच नाही, ठेकेदाराकडून घेतो. मजुराने तक्रार केली की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार कंपनी बंद करून दुसऱ्या नावाने उघडतो. मे २०१५ मध्ये तिथल्या एबीसी वाहिनीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमाने मोठमोठ्या दुकानसाखळ्यांत जाणाऱ्या भाज्या आणि कोंबड्यांमागची ही ठेकेदारी दाखवली, तेव्हा देश हादरला होता. पुढे क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया यांसारख्या राज्यांनी ठेकेदारांना परवान्याची सक्ती केली. ध्यानात घेण्याची बाब अशी की, हा ठेकेदार पुष्कळदा मजुराच्याच देशाचा, त्याच्याच भाषेचा असतो. कोरियन पोराला कोरियन भेटतो, तैवानच्या मुलीला चिनी बोलणारा. उद्या आमच्या मुलांना हिंदी-पंजाबी-मराठी बोलणारा भेटेल. ‘आपला माणूस आहे’ म्हणून कागद न घेता कामाला लागू नये, कारण ‘आपला माणूस’ या शब्दाचा अर्थ आडनाव विचारल्यावर बदलतो, हा अनुभव आपल्याला सातासमुद्रापलीकडेही नवा नाही.

यात जीवही गेले आहेत. बंडाबर्गजवळच्या चिल्डर्स गावी २३ जून २००० रोजी अशाच एका हॉस्टेलला आग लावण्यात आली आणि १५ तरुण-तरुणी जळून गेले. तोडणीच्या कामासाठीच ती मुले त्या गावात राहत होती. ऑगस्ट २०१६ मध्ये होम हिल येथील हॉस्टेलमध्ये एका वीस वर्षांच्या ब्रिटिश मुलीचा खून झाला. मारणारा तिथेच राहणारा दुसरा प्रवासी होता, मालक नव्हे. परंतु ती त्या आडगावी का होती? ८८ दिवस भरायला. तिच्या आईने त्यानंतर हा सगळा ग्रामीण कामाचा नियमच चव्हाट्यावर आणला.

आता थोडे मागे जाऊ. कारण या जमिनीवर सक्तीने राबलेली ही पहिली माणसे नव्हेत. १८६३ पासून ४० वर्षे क्वीन्सलँडच्या कापूस आणि उसाच्या मळ्यांवर पॅसिफिक बेटांवरची माणसे जहाजांत भरून आणली गेली. आजच्या व्हानुआतू आणि सॉलोमन बेटांतली ती माणसे. सुमारे ६२ हजार करार झाले. कोणाला फसवून आणले, कोणाला सरळ पळवून. त्यांच्या घामावर साखरेचा धंदा उभा राहिला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि नव्या संसदेने पहिल्याच वर्षी जे कायदे केले, त्यांतला एक होता या बेटवासीयांना देशाबाहेर काढण्याचा. दुसरा होता गोऱ्यांखेरीज कोणाला आत येऊ न देण्याचा. राबवून घेतले तेव्हा त्यांचा रंग आड आला नाही, नागरिक करायची वेळ आली तेव्हा आला. बंडाबर्गच्या महापौरांनी २०२१ मध्ये या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली. आज बॅकपॅकर ज्या मातीत टोमॅटो तोडतात, ती हीच माती.

आणि त्या मातीचे मूळ मालक? त्यांना तर गुरांच्या मोठमोठ्या रानांवर पीठ, साखर, चहा आणि तंबाखूवर राबवले गेले. क्वीन्सलँडमध्ये आदिवासींची मजुरी सरकारच स्वतःच्या ताब्यात ठेवत असे. ती बुडवलेली मजुरी मिळवण्यासाठी त्यांची म्हातारी पिढी कोर्टात गेली, तेव्हा २०१९ मध्ये १९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कितीतरी जण तोवर मरून गेले होते. ऑगस्ट १९६६ मध्ये वेव्ह हिल या ब्रिटिश मालकीच्या पशुपालन केंद्रावरून व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी लोक काम टाकून निघाले. मागणी मजुरीची होती, ती जमिनीची झाली. नऊ वर्षे ते मागे हटले नाहीत. १९७५ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी लिंगियारी यांच्या तळहातावर मूठभर माती ओतून जमीन परत केली. महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले त्यांच्या वारसांना त्या मातीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. गंमत अशी की, गोऱ्या देशांतल्या पोरांना ‘फिरा आणि काम करा’ म्हणून बोलावणारी योजना सुरू झाली तीही १९७५ सालीच. तेव्हा त्यात तीनच देश होते, ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडा.

ही योजना नंतर जपान, कोरिया, तैवानपर्यंत आली, अनेक देशांत पसरली. पण कशी पसरली ते पाहण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी आपल्याला ‘श्रेणीबद्ध विषमता’ हा शब्द दिला. जातिव्यवस्थेत नुसते वरचे आणि खालचे असे दोन थर नसतात, पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान असते, हे त्यांनी दाखवले. या व्हिसांच्या पायऱ्या पाहा. सर्वांत वर ब्रिटिश. त्यांच्यासाठी वयोमर्यादा ३५ आणि व्यापार करार झाल्यामुळे १ जुलै २०२४ पासून ८८ दिवसांची अट पूर्ण माफ. त्याखाली ४१७ क्रमांकाच्या व्हिसाचे बाकीचे देश. त्यांना शिक्षणाची अट नाही, जागांची मर्यादा नाही, मात्र ८८ दिवस आहेत. त्याखाली ४६२ वाले. त्यांच्यात बहुतेकांना जागांची मर्यादा, शिक्षणाची अट, इंग्रजीची परीक्षा. त्यातही चीन, व्हिएतनाम आणि भारत यांना वर आणखी सोडत. आणि या सगळ्यांच्या खाली पॅसिफिक बेटांतून ‘पाम’ योजनेवर आणले जाणारे मजूर. ते एकाच मालकाशी बांधलेले असतात, मनाला वाटले म्हणून त्यांना मालक बदलता येत नाही. त्यांत व्हानुआतू आणि सॉलोमन बेटांची माणसे आहेत, ज्यांच्या पणजोबांना १०० वर्षांपूर्वी हाकलले होते तीच. एकाच बागेत, एकाच झाडाखाली ही सगळी माणसे उभी असतात. फळ तेच, ऊन तेच. पण ‘मी चाललो’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला पासपोर्टप्रमाणे कमी-जास्त.

तिकडे बदल झालेच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०१५ पासून व्हिसासाठी पगाराच्या चिठ्ठ्यांचा पुरावा मागण्यास सुरुवात झाली, नुसत्या सहीवर भागेना. तिथल्या ‘ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियन’ने अर्ज केल्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘फेअर वर्क कमिशन’ने निर्णय दिला की, नगावर मजुरी देणाऱ्यानेही तास नोंदवावेत आणि कोणालाही किमान तासाच्या दरापेक्षा कमी देऊ नये. २८ एप्रिल २०२२ पासून तो लागू झाला. बागायतदारांच्या संघटनांनी विरोध केला, शेती बुडेल म्हणून ओरड केली. शेती बुडाली नाही. जुलै २०२४ पासून व्हिसाचा धाक दाखवून मजुराला राबवणे हा गुन्हा झाला, आणि मालकाशी भांडण चालू असताना मजुराला देशात थांबता यावे म्हणून तात्पुरत्या व्हिसाची सोय झाली. १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून मजुरी बुडवणाऱ्याला १० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

तो २०२२ चा नियम वाचताना आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्यातून १९४८ चा किमान वेतन कायदा आला. त्या कायद्याच्या १७ व्या कलमात स्पष्ट तरतूद होती की, नगावर काम करणाऱ्यासाठी नगाचा किमान दर ठरलेला नसेल आणि वेळेचा ठरलेला असेल, तर मजुरी त्या वेळेच्या दरापेक्षा कमी असता कामा नये. ऑस्ट्रेलियाच्या बागांत जे २०२२ साली आले, ते आपल्या कायद्याच्या पुस्तकात ७४ वर्षे आधी आले होते! मग ऊसतोडीचा एक कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघे, पहाटे तीनला उठून टनावर राबतात, तेव्हा त्यांचे तास कोणी मोजले? त्या बाईच्या नावाने वेगळी मजुरी कोणत्या वहीत लिहिली? कायदा आपल्याकडे आधी होता. तिकडे युनियन होती, पगाराची चिठ्ठी होती, आणि तपासायला जाणारा निरीक्षक थोडाफार तरी होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिकडे डॉक्टरचा मुलगा सहा महिने हॉटेलचे संडास घासतो आणि घरी जाऊन वकील होतो. त्याला त्या झाडूचा वास चिकटत नाही. आपल्याकडचे काही उच्चवर्णीय चिरंजीव परदेशात भांडी घासल्याचे कौतुकाने सांगतात, श्रमप्रतिष्ठेवर भाषणे देतात. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी कधी चहाचा कप विसळलेला नसतो आणि मोरी धुणाऱ्या बाईचा कप वेगळा असतो. जात ही नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. काम हलके नसते. ते सोडता येत नाही, बापाकडून मुलाकडे जाते आणि माणसाच्या नावाला चिकटते, तेव्हा ते माणसाला हलके करते. सोडून जाण्याचा अधिकार काढून घेतल्यावर बॅकपॅकरसारख्या मोकळ्या तरुणाची अवस्था तीन महिन्यांत काय झाली, हे आपण पाहिले. मग ज्यांना तीन हजार वर्षे तो अधिकार नव्हता त्यांच्याविषयी ‘हे लोक मागे का राहिले’ असे विचारणाऱ्यांनी एकदा बंडाबर्गच्या शेतावर ८८ दिवस काढून यावे.

राहिला प्रश्न आमच्या मुलांचा. एक हजार जागांत आपली किती पोरे बसतील? बारावीनंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण हवे, इंग्रजीची चाचणी हवी, आणि खात्यावर सुमारे ५ हजार डॉलर, म्हणजे जवळपास तीन लाख रुपये दाखवायला हवेत. व्हिसाचे शुल्क सहाशे डॉलरच्या वर आणि विमानाचे तिकीट वेगळे. झोपडपट्टीतल्या पदवीधराकडे पदवी असते, इंग्रजी तो कष्टाने करतो, तीन लाख कुठून आणणार? सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या शिक्षणासाठी आहेत, आणि त्या तशाच राहाव्यात. या व्हिसासाठी त्यांतला पैसा वळवा, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आपल्या पतसंस्था आणि नोकरदारांच्या संघटना एका निवडलेल्या मुलाच्या खात्यासाठी हमी उभी करू शकत नाहीत काय? लग्नाच्या मंडपावर यापेक्षा जास्त खर्च होतो.

एजंटांपासून मात्र दूर राहा. सोडतीची नोंदणी ऑस्ट्रेलिया सरकारकडे थेट होते, शुल्क २५ डॉलर, भारतीयांना पासपोर्टबरोबर पॅन कार्ड लागते. ती संगणकाची सोडत आहे, लाख रुपये घेणाऱ्या एजंटाच्या हातात तिच्यातले काहीही नाही. नंबर लागून गेलात तर रोजचे तास स्वतःच्या वहीत लिहा. पगाराची चिठ्ठी मागा, पगारानंतर एका कामाच्या दिवसात ती देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘तू स्वतंत्र ठेकेदार म्हणून नोंदणी कर, मग पैसे देतो’ असे कोणी म्हणाले तर समजा की किमान वेतन, विमा आणि जबाबदारी तिन्ही टाळण्याचा तो बेत आहे. कराचा हिशेबही आधी करा. स्थानिक रहिवाशाला पहिल्या १८,२०० डॉलरवर कर नाही, बॅकपॅकरला मात्र पहिल्या डॉलरपासून १५ टक्के. मालक तुमच्या नावाने निवृत्तीनिधी भरतो, पण देश सोडताना तो काढायला गेलात तर त्यातले ६५ टक्के सरकारच कापून घेते. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही. आणि पासपोर्ट कोणाच्याही हवाली करू नका, ना हॉस्टेलवाल्याच्या, ना ठेकेदाराच्या, तो ‘जयभीम’ म्हणत आला तरीही. शेतावर उतरलात की पहिल्या आठवड्यातच युनियनचा माणूस कुठे भेटतो ते विचारून ठेवा.